गार्डाचा डबा जाईपर्यंत

शालू,

तुझ्या शोकसभेला जाऊन आले आणि तेव्हापासून मला शिसारी येते आहे. रडू यायला हवं होतं. तू गेलीस त्या दिवशी आलं, तेराव्याला पानावर बसले तेव्हाही आलं. पण शाळेच्या त्या हॉलमध्ये तुझ्या फोटोला झेंडूचा हार घालून तिवारी मास्साब माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “शालिनीजी अनुशासन की साक्षात मूर्ति थीं,” तिथे माझ्या तोंडाची चव गेली. ती अजून परत आलेली नाही.

अनुशासनाची मूर्ती म्हणे! आणि हे सांगणार कोण, तर तिवारी. आपल्याहून वयाने लहान, म्हणून अजून नोकरीत; आता प्राचार्य झालेत, तुला माहीत आहेच. टेबलावर ती मारायची संटी दिसत नाही इतकाच फरक. ती कपाटात असते, चपराशाने मला सांगितलं. गळ्यात उपरणं घालून, डोळे मिटून ते बोलत होते, “उनकी कक्षा में सुई गिरे तो आवाज़ सुनाई देती थी. एक नज़र काफ़ी थी. आज के टीचर सीखें.” मागच्या बाकांवर बसवलेली पोरं हाताची घडी, तोंडावर बोट. नव्या बाई मान डोलावताहेत. माझ्या शेजारी तुझा लेक शिरीष, भोपाळहून आलेला, डोळे पुसतोय. आणि मी तुझ्या फोटोकडे बघत होते, की बाई, आता तरी काही बोल.

एवढ्यावर भागलं नाही. लाल कापड बाजूला केलं आणि खालून निघाली एक शील्ड. ‘श्रीमती शालिनी देवी स्मृति अनुशासन शील्ड’. वर्षभर जो वर्ग सगळ्यात गप्प बसेल त्याला दर पंधरा ऑगस्टला द्यायची. चकचकीत लाकूड, वर पितळी अक्षरं, आणि खाली काय कोरलंय ठाऊक आहे? तोंडावर बोट ठेवून बसलेलं एक पोर. तुझ्या नावाच्या बरोब्बर खाली.

तिवारींच्या वर्गाची सुई मी पाहिलेली आहे. दोन बोटांमध्ये पेन्सिल घालून वरून दाबणं. तासन्‌तास मुर्गा करून उभं ठेवणं, पाय लटपटले की पाठीवर फटका. आणि त्यांचा सगळ्यात आवडता खेळ, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. प्रश्न विचारायचा, ज्याला उत्तर येईल त्याने न येणाऱ्या सगळ्यांच्या मुस्काटात मारायची. हळू मारली तर मारणाऱ्यालाच बसायची. म्हणजे हातही दुखायला नको आणि पोरं एकमेकांची वैरीही झाली. मुन्नी नावाची ती लोको शेडच्या फिटरची मुलगी आठवते ना? हुशार पोर. एके दिवशी तिने मारायला नकार दिला, तर तिवारींनी सगळ्या वर्गाला रांगेने तिच्यासमोरून नेलं, प्रत्येकाने तिच्या मुस्काटात एक मारायची. तू त्यांच्या दारात जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, “मास्साब, ये लड़की मुझे दे दीजिए, मेरे यहाँ एक कम है.” एक कमी कुठली, तुझ्या वर्गात बसायला जागा नव्हती. त्यांनी दिली, कारण तुझ्याकडे पोरं ‘सुधारतात’ असा त्यांचा समज होता. त्या समजाचीच तर ही सगळी फळं.

तू भुसावळची. इंजिन ड्रायव्हर विनायकरावांशी लग्न झालं आणि रेल्वेबरोबर झाशीला आलीस. आम्ही गुरसरायकडून इथे आलेले, कितव्या पिढीत ते आता कुणाला सांगता येत नाही. ओरछा गेटजवळच्या आमच्या घरी तू पहिल्यांदा जेवायला आलीस तेव्हा माझी आई म्हणाली, “मुदपाकखान्यातून लोणचं आण गं.” तू ठसका लागेपर्यंत हसलीस. नंतर मला म्हणालीस, “विमल, तुमची मराठी पेशव्यांबरोबर इथं आली आणि परतीची गाडी चुकली बघ तिची.” मी दोन दिवस बोलले नाही तुझ्याशी. मग शाळेत तुझ्या डब्यातला ठेचा खाल्ला आणि मिटलं. या शहरात मराठीत भांडायला मला तू एकच होतीस. आता हिंदीत भांडते, पण त्यात रंग भरत नाही.

आपल्याला शाळेतल्या शेवटच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या, रुळांकडच्या. नको असलेल्या खोल्या बायकांना, हा तिथला रिवाजच. खिडकीबाहेर कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडून मालगाडी. कोळशाचं इंजिन धापा टाकत जायचं, खिडकीच्या काचा थरथरायच्या, मागून वाघिणींची न संपणारी रांग. तेवढा वेळ शिकवणं बंद. मी खडू हातात धरून उभी राहायचे आणि पोरं माझ्याकडे बघत बसायची. जो काही कल्ला ऐकू यायचा तो सगळा गाडीचाच, असं मला वाटायचं.

एकदा गाडी जात असतानाच मी डस्टर मागायला तुझं दार ढकललं. आत साठ-सत्तर पोरं उभी राहून जीव खाऊन ओरडत होती. कुणी आपलंच नाव, कुणी नुसतं ‘आऽऽ’, एक मुलगी पाढे म्हणत होती, म्हणजे बोंबलत होती. आणि तू टेबलाला टेकून वह्या तपासत होतीस. मला वाटलं तुझं डोकं फिरलं. खिडकीशी चार-पाच पोरं बाहेर डोळे लावून उभी होती. शेवटचा गार्डाचा डबा दिसला तसे त्यांनी हात वर केले, आणि शालू, गाडीचा आवाज सरायच्या आत तो वर्ग गप्प झाला. सगळी खाली बसली. एका पोराने नाक ओढलं तेवढंच. तू मला म्हणालीस, “डस्टर तिथं आहे, घे.”

मधल्या सुट्टीत मी तुला धारेवर धरलं. तू चहात बिस्कीट बुडवत शांतपणे सांगितलंस, “विमल, ही पोरं घरी बोलतच नाहीत गं. बाप रात्रपाळी करून येणार आणि दिवसभर झोपणार. दोन खोल्यांचं क्वार्टर. भांडं वाजलं तरी आई डोळे वटारणार. मग ती शाळेत येतात आणि फुटतात. फुटणारच. त्यांना काय मारायचं?” मला वाटलं, ड्रायव्हरची बायको तू, कॉलनीत दहा घरी जाणं-येणं, कळलं असेल तुला.

आणि खिडकीशी कोण उभं राहायचं, तेही तेव्हाच कळलं. रोज सकाळी हजेरीनंतर तू विचारायचीस, “आज किस-किसके बाबू सोए हैं?” ज्यांचे बाप झोपलेले त्यांचे हात वर व्हायचे. “बहनजी, हमाए बाबू रात पाली से आए, सो रए.” “हमाए भी.” ती पोरं त्या दिवशीची गार्ड. ओरडायला सुरुवात त्यांनी करून द्यायची आणि थांबवायचंही त्यांनीच. घरी ज्यांना दिवसभर ‘चुप’ ऐकावं लागणार, त्यांच्या हातात तू तेवढ्यापुरता वर्ग देत होतीस. मी तुझ्याशी वाद घातला की यातून तू छोटे-छोटे तिवारी तयार करशील. तू म्हणालीस, “बघ की येऊन.” मी आले, पाहिलं. तिवारी कुणी झालं नाही.

बरुआसागरच्या सहलीला तर पोरांनी मला हरवलंच. तळ्याकाठी पुऱ्या खाऊन झाल्या, आणि तुझा वर्ग तुझ्याभोवती येऊन उभा. मुन्नीनेच विचारलं, “बहनजी, इतै तौ गाड़ी नईं आत. अब का करें?” म्हणजे गाडीशिवाय ओरडायची परवानगी हवी होती त्यांना! तू तळ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “समझो आ गई.” मग जो काही कल्लोळ उठला! पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. तिवारी आपला वर्ग घेऊन वर किल्ल्यात गेले होते, त्यांना वाटलं कुणी पोर बुडालं. धोतर सावरत, धापा टाकत ते खाली आले तेव्हा तुझी पोरं रांगेत बसून हात पुसत होती. तिवारींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाले, “ज़रूर गाँव के लड़के होंगे. अपने बच्चों को देखिए, कितने सभ्य!” तू पदर तोंडात कोंबून झाडामागे गेलीस. माझं हसणं त्या दिवशी परतीच्या बसमध्येही थांबेना.

पण माझं तुझ्याशी भांडण आहे ते इथेच, आणि ते अर्धवट टाकून तू निघून गेलीस. इन्स्पेक्टर साहेब आले होते तेव्हा बरोबर दोन गाड्यांच्या मधली वेळ होती. व्हरांड्यातून चालत आले, सगळीकडे गलबला, आणि तुझ्या खोलीत शांतता. साहेब खूश. भरसभेत तुझं कौतुक, प्रमाणपत्र, टाळ्या. तिवारींनी तर त्यांना तुझ्या ‘नज़रे’चं व्याख्यानच दिलं. तू उभी राहिलीस, हात जोडलेस आणि प्रमाणपत्र घेऊन खाली बसलीस. मी म्हटलं, “सांग ना यांना! सांग की पोरं गप्प आहेत कारण त्यांना ओरडू दिलंय.” तू म्हणालीस, “वेडी आहेस का? सांगितलं तर उद्यापासून गाडीच्या वेळेला तिवारी माझ्या दारात उभा. मूर्ख राहू दे त्यांना. पोरांचं चाललंय ना?” मी म्हटलं, “आज तू गप्प बसलीस तर उद्या तुझं नाव घेऊन ते दुसऱ्याच्या पोरांना गप्प करतील.” तू हसून विषय उडवलास. प्रत्येक वेळी उडवलास. आपण निवृत्त झालो, डिझेल आलं, कोळशाची इंजिनं भंगारात गेली, तरी मी अधूनमधून टोकायचे आणि तू म्हणायचीस, “सोड गं, आता कोण विचारतंय?” विचारलं बघ. तू राहिली नाहीस तेव्हा विचारलं. मला तुझाही राग येतो, शालू. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मग कुणावर रागावू?

म्हणून मी उठले. “दो शब्द” बोलायला मला बोलावलंच होतं. मी हिंदीत स्पष्ट सांगितलं, “शालिनी के बच्चे डर के मारे चुप नहीं रहते थे. वे पहले जी भरके चिल्ला चुके होते थे. उसने खुद चिल्लवाया था, रोज़, मालगाड़ी के साथ.” सगळं सांगितलं. खिडकी, गार्डाचा डबा, ‘किसके बाबू सोए हैं’, सगळं. मग तिवारी मोठ्याने हसले. “विमलाजी की मज़ाक की आदत गई नहीं!” आणि हॉलभर लोक हसले. शोकसभेत! मागच्या बाकांवरची दोन पोरंही हसली, त्यांच्याकडे एका बाईंनी असं पाहिलं की त्यांची बोटं पुन्हा तोंडावर गेली. दोन मिनिटं मौन पाळलं. मग समोसे आले. तिवारी तुझ्या फोटोला टेकून उभे होते, समोशाचा चुरा तुझ्या हारावर सांडत होता, आणि ते कुणाला तरी सांगत होते की शील्डला खर्च करून शिसवीचं लाकूड घातलंय. मी तिथून निघाले.

फाटकाशी शिरीषने मला गाठलं. चेहरा लाल झालेला. तुला ठाऊक आहे तो किती हळू बोलतो. रागातही त्याचा आवाज वर जात नाही.

“मावशी, हे तुम्ही काय केलं? सबके सामने आईची हँसी उड़वा दी.”

“शिरीष, मी खरं तेच सांगितलं.”

“खरं?” तो म्हणाला. “मावशी, आमच्या घरी आवाज म्हणजे पाप होतं. दरवाज़े की कुंडी को कपड़ा बाँधा रहता था. बाबा सोए हैं, बाबा सोए हैं, बस. मला गाडी पाहिजे होती लोहे की, आई ने नहीं दी, बोली फ़र्श पर बजेगी. मी रडायचो ना, तर आई तोंडावर हात ठेवायची. ज़ोर से नहीं, पण ठेवायची. फिर मैं तकिये में मुँह डालके रोना सीख गया. और आप बोलती हो वो बच्चों को चिल्लाने देती थी?”

तुझ्या क्वार्टरमध्ये मी किती वेळा आले असेन. विनायकराव आतल्या खोलीत झोपलेले, आपण बाहेर पायरीवर बसून कुजबुजत बोलायचो. शिरीष कोपऱ्यात चित्र काढत बसलेला असायचा. त्याला तू आपल्या शाळेत घातलं नाहीस. विनायकरावांना ती साहेबी थाटाची, शिस्तीची शाळा हवी होती. ‘आज किस-किसके बाबू सोए हैं’ हा प्रश्न तू कुठून घेऊन यायचीस ते मला त्या फाटकाशी कळलं. रोज सकाळी एक पोर घरी गप्प करून तू येत होतीस आणि इथे साठ-सत्तर पोरांची तोंडं मोकळी करत होतीस.

मी त्याला पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मराठीत आणि सावकाश. त्याला बोलता येत नाही तितकं, पण कळतं सगळं. वर्ग कसा उभा राहायचा, कोण पाढे म्हणायचं, हात वर झाला की सगळे कसे थांबायचे, बरुआसागरला बगळे कसे उडाले. माझं झाल्यावर फक्त म्हणाला, “जिनके बाबू सोए होते थे, वो खिड़की पे?”

“हो.”

तो मागे वळला आणि हॉलमध्ये गेला. आत तिवारींचा आवाज चढलेला ऐकू आला, “बेटा, भावुक मत हो,” मग आणखी दोघाचौघांचे आवाज. शिरीषचा आवाज काही बाहेर येईना. मी मनात म्हटलं, झालं, गुंडाळलं त्यांनी पोराला. पण तो बाहेर आला तेव्हा त्याच्या काखेत ती शील्ड होती, आणि मागून तिवारी समोशाचा हात तसाच धरून जिन्यापर्यंत आले होते.

“मना कर दिया,” तो म्हणाला. “बोल दिया, घरवालों की मंज़ूरी नहीं है. आईचं नाव यावर राहणार नाही.”

“कारण विचारलं असेल.”

“विचारलं. मी बोललो, मावशीने बताया तो था, आप लोग हँस रहे थे.”

शालू, त्या क्षणी मला तुझा पोरगा फार आवडला. एवढ्या घाणीत तेवढी एकच गोष्ट धड झाली.

आम्ही सायकलरिक्षा केली. त्याने शील्ड पायाशी उपडी घातली. रिक्षा सीपरी बाजाराच्या गर्दीत शिरली. मग त्याने विचारलं, “मावशी, मला का नाही नेलं तिने? एक दिन भी नहीं. सुट्टी असायची ना माझी, आईच्या शाळेला नसायची. ले जा सकती थी.”

हे तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि मी विचारावं असं मला कधी सुचलं नाही. पण पोर विचारतंय, काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “बाळा, तिला भीती वाटली असेल. एकदा तुला मोकळं ओरडू दिलं असतं, तर घरी येऊन पुन्हा गप्प कसं केलं असतं तिने?”

मग त्याच्या त्या हळू आवाजात, रिक्षाच्या खडखडाटात जेमतेम ऐकू येईल अशा, तो म्हणाला,

“कर लेती, मावशी. मैं हो जाता चुप.”